उंबरठ्यावरची साक्ष



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे शिकलो. मराठी शाळेत ख्रिस्ती मुलगा त्या काळी अपवादानेच दिसे. हजेरी घेताना माझ्या नावापाशी वर्गात खसखस पिकायची. गुरुजी मान वर न करता पुढचे नाव पुकारीत; आणि मधल्या सुट्टीत कधीमधी आपल्या डब्यातली पोळी काही न बोलता माझ्या हातावर ठेवीत. माझ्या धर्माविषयी किंवा स्वतःच्या धर्माविषयी ते माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, तेव्हा मला ती पोळी आठवली आणि विषय आपोआप ठरला. सामान्य ख्रिस्ती माणसाने आपल्या नित्याच्या व्यवहारात मिशनरी म्हणून कसे जगावे, आणि तसे जगण्यासाठी त्याची तयारी कोणी व कशी करून घ्यावी, याविषयी आज मी बोलणार आहे.

'मिशनरी' हा शब्द उच्चारताच काही चेहऱ्यांवर आठी उमटली, ती मला येथून दिसते. त्यात गैर काही नाही. या शब्दाबरोबर आपल्या मनात परदेशी पाद्री येतो, शाळा-इस्पितळे येतात, आणि धर्मांतराची शंकाही येते. गुजरातेत २००३ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. त्यावरचे वाद आपण सर्वजण वर्तमानपत्रांतून वाचत असतो. त्या वादात मी आज शिरत नाही. माझे मत मात्र झाकून ठेवीत नाही. दुसऱ्याच्या अडचणीकडे संधी म्हणून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि मदतीच्या पुडीत पावती बांधून देणारा माणूस ना मदत करतो, ना धर्म सांगतो. मिशनरी या शब्दाचा मूळ अर्थ 'पाठविलेला' एवढाच आहे. सकाळी डबा घेऊन कारखान्यात, कचेरीत, शाळेत किंवा बाजारात जाणारा प्रत्येक श्रद्धावान माणूस या अर्थाने पाठविलेलाच असतो. तेथे तो कसा वागतो, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे संध्याकाळी त्याच्या दारात कोणी येऊन उभे राहिले तर काय होते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ते आपल्याच शहरात घडलेले आहे.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी आले. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. त्या उपकाराची फेड म्हणून संस्थानची चाकरी करणे त्यांना भाग होते. वय सव्वीस. राहायला जागा कोठे मिळणार, ही पहिली चिंता. हिंदू खानावळीत त्यांना कोणी घेणार नव्हते. अखेर एका पारशी धर्मशाळेत, दररोज दीड रुपया भाडे देऊन आणि नोंदवहीत पारशी नाव लिहून, त्यांनी आश्रय घेतला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी गृहस्थ हातांत काठ्या घेऊन त्यांच्या खोलीसमोर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम झाला.

येथवरची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तिचा पुढचा भाग मात्र आम्ही ख्रिस्ती लोक फारसा सांगत नाही. बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलेली ही हकीकत १९९० साली 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाच्या पुस्तिकेत प्रसिद्ध झाली. तीत ते सांगतात की बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक देशी ख्रिस्ती. हिंदू मित्र मनाने थोर. त्याला वाईट वाटले, संतापही आला. पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, एवढे वाक्य त्याच्या तोंडून निघाले आणि बाबासाहेबांनी पुढे आग्रह धरला नाही. ख्रिस्ती मित्राने पूर्वी एकदा त्यांना आपल्या घरी राहण्याचे निमंत्रण दिले होते. त्याच्या सवयी आपल्याशी जुळणाऱ्या नाहीत म्हणून त्यांनी ते नाकारले होते. आता जाण्याचा संकोच वाटत असूनही ते त्याच्याकडे गेले आणि त्यांनी आसरा मागितला. उत्तर मिळाले ते असे, की माझी पत्नी उद्या बडोद्यास येत आहे, तिला विचारावे लागेल. मागाहून बाबासाहेबांना कळले की हे मोठे मुत्सद्देगिरीचे उत्तर होते. ते जोडपे मूळचे ब्राह्मण घराण्यातले. धर्मांतरानंतर पतीचे विचार मोकळे झाले होते, पत्नी मात्र सोवळ्यातच राहिली होती. अस्पृश्याला घरात घेणे तिला मानवले नसते.

त्या घरातून ते बाहेर पडले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधला बहुतेक वेळ त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या आपल्या सयाजीबागेत, बसून काढले. आठच्या सुमारास बाहेर येऊन त्यांनी गाडी केली आणि धर्मशाळेतून सामान घेतले. तेथला रखवालदार बाहेर आला, पण दोघांच्याही तोंडून शब्द फुटला नाही. बिलाचे पैसे दिले, त्याने ते मुकाट्याने घेतले.

बंधुभगिनींनो, हे बडोदे काही मागासलेले गाव नव्हते. अस्पृश्य मुलांसाठी शाळा येथे एकोणिसाव्या शतकातच निघाल्या होत्या, १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले होते, ग्रंथालयांची चळवळ तर हिंदुस्थानात नमुना म्हणून दाखविली जात होती. महाराजांच्या हाती होते ते सारे महाराजांनी केले. पण घराची कडी आतून असते, आणि ती काढणे कोणत्याही दरबारच्या हाती नसते. हे काम सामान्य माणसाचे होते. त्या दुपारी चार वाजता एका सामान्य ख्रिस्ती गृहस्थाला ते करता आले असते. त्याने केले नाही.

मी त्या गृहस्थाला दोष देण्यासाठी उभा राहिलेलो नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय केले असते, याची खात्री मला आजही देता येत नाही. मला कुतूहल आहे ते निराळ्या गोष्टीचे. तो रविवारी देवळात जात असणार. शेजाऱ्यावर प्रीती करा हा उपदेश त्याने शेकडो वेळा ऐकला असणार. मित्राला निमंत्रण देण्याइतका तो उदारही होता. मग ऐन वेळी त्याच्याजवळ काय नव्हते?

मला वाटते, त्याच्याजवळ तयार घर नव्हते. विचार बदलले ते एकट्या पुरुषाचे. स्वयंपाकघरापर्यंत, पाण्याच्या माठापर्यंत तो बदल गेलाच नाही, आणि तो तेथे न्यावा असे कोणाला वाटलेही नाही. सगळा बोल त्या पत्नीवर ठेवणे मला पटत नाही. ती त्या दिवशी बडोद्यात नव्हतीसुद्धा. जी बाई गावातच नाही तिच्या नावाआड एक शिकलेला पुरुष उभा राहिला, हे मला अधिक खुपते. निमंत्रण देताना त्याने तिला विचारले होते काय? त्या निमंत्रणाचा कधी खरोखरच स्वीकार होईल, असे तरी त्याला वाटले होते काय?

यात मिशन-पद्धतीचाही वाटा होता. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला पोहोचले. त्यांच्या कामाची थोरवी मी जाणतो; आमचे घराणेच नगर जिल्ह्यातले, आणि माझ्या आजोबांना अक्षरओळख झाली ती मिशनच्या शाळेत. परंतु हळूहळू साक्ष देणे हे पगारी काम होऊन बसले. पाळकाला पगार, उपदेशकाला पगार, घरोघर जाणाऱ्या बायबल-बाईलाही पगार. मग कारकुनाने, सुताराने, शिपायाने काय करायचे? त्यांनी बाकावर बसून ऐकायचे. नव्या करारातली चाल अशी नव्हती. पौल तंबू शिवून पोट भरीत असे. करिंथात त्याला आसरा दिला तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या त्याच धंद्यातल्या जोडप्याने, आणि पुढे अपुल्लोस नावाच्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन त्याच्या ज्ञानातली उणीव भरून काढली तीही या दोघांनीच. नवराबायको दोघांची नावे तेथे बरोबरीने येतात. माझ्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट नाही.

आपल्या भाषेत याचे सर्वांत प्रामाणिक चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी ते पुस्तक वाचले असेल. मराठी वाचणाऱ्याने ते वाचलेले नसावे, ही कल्पनाच मला सहन होत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. कित्येक वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच; त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी, त्यांची चूल निराळी. म्हणजे बडोद्याच्या त्या घरात होती तीच परिस्थिती. फरक असा की टिळकांच्या घरात ही वेगळी चूल झाकून ठेवलेली नव्हती. ती उघड होती, तिच्यावर रोज वादावादी होई, थट्टा होई, रडणेही होई. टिळक तापट होते, संसारात बेहिशेबी होते, लक्ष्मीबाईंनी ते काहीएक लपविलेले नाही. पण आपल्या मोकळ्या विचारांवर त्यांनी बायकोच्या सोवळ्याचे पांघरूण घातले नाही. अखेर जातिभेद देवाने केला की माणसांनी, याचा विचार त्या बाईंनी स्वतःशीच केला आणि कोणाच्याही हातचे खाण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी स्वयंपाकघर बदलले, मग धर्म. पुढे त्याच घरात दुष्काळातली अनाथ पोरे जेवली आणि प्लेगच्या साथीत त्याच बाई रोग्यांच्या सेवेस गेल्या, हे सांगितल्यावर आश्चर्य वाटू नये.

योगायोग पाहा. ज्या १९१७ साली बाबासाहेब कमाठी बागेत बसले होते, त्याच साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापण्याच्या खटपटीस लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका बंधुत्वात यावेत, प्रत्येकाने आपापल्या जागी राहून सेवा करावी, पगाराचे नाते मध्ये असू नये, अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले आणि दरबार फार काळ तगला नाही. पंडिता रमाबाईंची वाट आणखी निराळी. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल असावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम केडगावच्या मुक्ति सदनातल्या स्त्रियांनी केले. ज्यांना घराबाहेर काढले होते, त्यांच्याच हातांनी ओळी जुळल्या.

परंतु सामान्य माणसाची तयारी म्हणजे प्रत्यक्षात काय, याचा धडा मला पुस्तकाबाहेर मिळाला तो जामखेडला. जामखेड नगर जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, दुष्काळी गाव. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तेथे जाऊन राहिले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेतही शिक्षण घेतलेले. त्यांना मोठे इस्पितळ काढून बसता आले असते. त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. बहुतेकींना शिक्षण नाही, कित्येक दलित समाजातल्या, काही नवऱ्यांनी टाकलेल्या. या बायका ठरावीक दिवशी जामखेडला येत, जातपात बाजूला ठेवून एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलाचे वजन कसे करावे, जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, बाळंतपण स्वच्छ कसे करावे, हे शिकून गावी परतत आणि पुढच्या खेपेस येऊन काय जमले, काय फसले ते सांगत. गावात हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा तो दलित वस्तीत बसवला गेला. पाणी हवे असेल तर सगळ्यांनी तेथे यावे. या दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, मेबलबाई १९९९ साली आणि डॉक्टर २०११ साली गेले.

शिकायचे, जाऊन करायचे, परत येऊन सांगायचे, पुन्हा शिकायचे. ही रीत पाहिली आणि आमच्या रविवारच्या प्रवचनांत काय कमी पडते ते माझ्या ध्यानात आले. प्रवचनानंतर कोणी कोणाला विचारीत नाही की गेल्या आठवड्यात काय झाले. वैद्यकीच्या शिक्षणात ज्याला आपण हेळसांड म्हणू, ती धर्मशिक्षणात आम्ही रिवाज म्हणून चालवून घेतो. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिक ख्रिस्तीजनांच्या कार्यावर स्वतंत्र आदेश काढला. आमच्या प्रॉटेस्टंट पंथांत तर सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकपण ल्यूथरपासून घोकले जाते. घोकले जाते, एवढेच.

तेव्हा आमच्या मंडळीत आम्ही दहाबारा जणांनी एक लहानसा उपक्रम सुरू केला. पहिल्या बैठकीत मी बाबासाहेबांची ती हकीकत वाचून दाखविली आणि विचारले, दुपारचे चार वाजलेत, तो मनुष्य तुमच्या दारात उभा आहे, तुम्ही काय म्हणाल? नवरे एका खोलीत बसले, बायका दुसऱ्या. उत्तरे कागदावर, नाव न घालता. पुरुषांपैकी बहुतेकांनी लिहिले की आत घेऊ. बायकांच्या कागदांवर निराळेच प्रश्न निघाले: किती दिवस? निजायचे कोठे? घरमालक काय म्हणेल? मुलीचे लग्न ठरायचे आहे, त्याचे काय? काही पुरुष ते वाचून हसले. मला मात्र वाटले की खरी तयारी या कागदांवर आहे, कारण दार उघडल्यानंतर काय होते याचा विचार फक्त त्यांवर केलेला होता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मीही हेच सांगितले असते, की बायकोला विचारतो. आणि माझ्या बाबतीत ते खोटे नसते." त्यांची पत्नी शेजारच्या खोलीतून म्हणाली, "मग विचारायचे होते ना. चाळीस वर्षे झाली, कधी विचारलेत?"

त्यानंतर आम्ही महिन्यातून दोनदा जमू लागलो, जोडप्याजोडप्याने. भाषणे बंद. प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणची एकच अडचण मांडायची. बिलावर सही करताना पाकीट पुढे येते तेव्हा काय करायचे. भाड्याने खोली देताना आडनाव विचारायचे की नाही. कचेरीत सर्वांचा राग ज्याच्यावर निघतो त्या शिपायाबरोबर डबा खायचा की नाही. ठरवायचे, करायचे आणि पुढच्या वेळी येऊन सांगायचे. फसलेले सांगायला लोक लाजत. ती लाज मोडायला वर्ष गेले. एका बाईंनी तळमजल्याची खोली एका कुटुंबाला दिली, त्यावरून दिरांनी बोलणे टाकले, ते अजून टाकलेलेच आहे. पाकीट परत करणाऱ्याची बदली झाली. ही वाट फळाला येते असे मी आपल्याला सांगू शकत नाही.

आणि मी इतरांना प्रश्न विचारीत होतो तेव्हा आमच्या घरी काय होते, ते सांगितल्याशिवाय मला येथून खाली उतरता येणार नाही.

माझी आई तीस वर्षे रविवारची शाळा घेत असे. सहस्रावधी वचने तिला मुखोद्गत. आमच्या मागच्या दारी गल्ली झाडणारी बाई येई, तिला आई रोज चहा देई; न चुकता, आजारपणातसुद्धा. त्या चहासाठी कान तुटलेला एक कप मागच्या कोनाड्यात ठेवलेला असे. आमच्या आजोबांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर ओंजळीत वरून पाणी घालीत, हे आमच्या घरात अभिमानाने नव्हे पण नित्य सांगितले जाई. तरी त्या कोनाड्याकडे कोणाची नजर गेली नाही. माझी तर नाहीच. मी पस्तीस वर्षे तो कप पाहत होतो.

ती हकीकत मी आईला मराठीत करून सांगितली. ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या ख्रिस्ती माणसाचे घर बडोद्यात कोठे होते रे?" मी म्हटले, पुस्तकात ते दिलेले नाही. "बरे झाले," ती म्हणाली. "नाहीतर लोक तेवढेच घर बघायला गेले असते."

दुसऱ्या दिवशी तिने घरातल्या कपबशीत चहा दिला. त्या बाईने तो घेतला, आणि कोनाड्यातला आपला कप काढून त्यात ओतून प्यायली. आईने तो कप फेकून दिला, तर तिने आपल्या घरून दुसरा आणला. आई चिडली, मी तिला म्हटले की इतकी वर्षे आपण शिकविले, विसरायला तिलाही वेळ लागणार. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नाताळच्या आदल्या दिवशी मी जेवणघरात वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. ती बाई कपबशी हातात धरून मागच्या दारातून एक पाऊल आत आली आणि तेथेच थबकली. आईने मला सांगितले, "पेपर ठेव खाली. त्यांना खुर्ची दे."